सगळ्या गल्लीच्या सासूबाई

ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी फोनवर रेवानं मला विचारलं, "आजी, ती फोनला घास भरवणारी आजी कुठं आहे?" तुमच्या आईनं पटकन विषय बदलला आणि मीही बदलू दिला. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत. मध्येच आवाज तुटतो, मध्येच तुमची शाळेची गाडी येते. पण प्रश्न विचारला गेला आहे, आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचं हेच काम मी जन्मभर केलं. शिवाय अधिक महिना पुन्हा आला आहे. गल्लीत पुरण शिजल्याचा वास सुटला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून हे लिहून पाठवते. इंग्रजीतून लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. शाळेत मी तीच भाषा शिकवली. पण त्या बाईंना इंग्रजीत बसवता येत नाही. 'सन-इन-लॉ' हा शब्द मला कोर्टातल्या कागदासारखा वाटतो. त्याला कुणी पाटावर बसवून तूप वाढत नाही. तेव्हा मराठीतच वाचा, अडेल तिथं आईला विचारा.

त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि जावई मात्र वीस-बावीस होते. आमच्या गल्लीतली कुठलीही मुलगी लग्न होऊन गेली की तिचा नवरा आपोआप त्यांचा जावई होई. त्यासाठी नातं लागत नसे, जात लागत नसे, आमंत्रणही लागत नसे. सगळं गाव त्यांना 'सासूबाई' म्हणायचं. पोस्टमन, दूधवाला, शाळेतली मुलं, सगळे. मी एकटी त्यांना आक्का म्हणायची, कारण त्या माझ्या चुलत जाऊ होत्या आणि आमची दारं समोरासमोर होती. त्या मला मास्तरीणबाई म्हणत. गेवराईहून चकलांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आपलं गाव तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. आपल्या ओट्यावर उभं राहिलं की समोर निळं दार दिसायचं, ते त्यांचं.

अधिक महिना म्हणजे काय ते आधी सांगते. आपलं चांद्र वर्ष लहान पडतं, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक आणि जावई लक्ष्मी-नारायणाचा जोडा मानतात. त्यांना घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे तुपाबरोबर वाढायचे, अनारसे आणि दिवा द्यायचा, ऐपतीप्रमाणे कपडे करायचे. सासूबाईंची ऐपत टॉवेल-टोपीची होती. दोन एकर कोरडवाहू, ती बटईनं दिलेली. पण टॉवेल त्या चांगला घेत, धुतल्यावर रंग न जाणारा. दुकानदाराला म्हणत, "माझ्या जावयाच्या खांद्यावर पडणार हाय, मढ्यावर न्हाई. नीट दाखव."

त्यांची एक रीत मात्र दुसऱ्या कुठल्या घरात नव्हती. जावई पाटावर बसला की पहिला धोंडा त्या स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात भरवत. त्यानं अर्धा तोडला की उरलेला अर्धा त्या स्वतः खात. "अर्धा नारायणाचा, अर्धा माझा," म्हणत. मग जावयानं हवं तेवढं जेवावं. नवखा जावई लाजायचा, मागं सरायचा. तेव्हा त्या म्हणत, "तोंड उघडा जावईबापू. बायकोम्होरं उघडत न्हाई म्हून हितं बी मिटून बसता का?" आणि दाराआडच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. आमच्या बाबूभाई टेलरच्या शबानाचं लग्न झालं तेव्हा त्यांनी तिच्या नवऱ्यालाही निरोप धाडला. बाबूभाई शिलाई मशीन सोडून आले आणि म्हणाले, "सासूबाई, हमारे में ये धोंडा-बिंडा नै होता." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यात नसंल, माझ्यात हाय. पोरगी गल्लीची हाय का न्हाई?" सलीम आला, पाटावर बसला, त्यानंही अर्धा धोंडा तोडला. पुढं तर तो स्वतःच फोन करून विचारायचा, अम्मी, धोंडा कधी.

विधवा बाईनं जावयाला ओवाळू नये, असं म्हणणाऱ्याही गावात होत्या. त्यांच्याशी सासूबाई भांडत नसत. ओवाळायला शेजारची सवाशीण बोलवत आणि स्वतः चुलीपाशी राहत. "म्या कुठं ओवाळते? म्या जेवू घालते. जेवू घालायला कुकू लागत न्हाई, पीठ लागतं."

एवढा सोस कशासाठी, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. एकदा दोघी बसून गूळ चिरत होतो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचे आईवडील लग्नानंतर लवकरच गेले आणि भावानं धोंड्याला कधी बोलावलं नाही. दर अधिक महिन्यात एक दिवस त्यांचा नवरा जेवायला बसायचा, वाढलेलं ताट बाजूला सारायचा आणि एक रिकामं ताट त्यांच्यापुढं ठेवायचा. "घे. तुज्या माहेरचं जेवण. म्या जेवलो, आता तू जेव." त्या दिवशी त्यांना घरात कुणी जेवू देत नसे. हे सांगताना त्यांचा विळा थांबला नाही. शेवटी म्हणाल्या, "जावई उपाशी गेला तर लेक उपाशी ऱ्हाती, मास्तरीणबाई. तुला पुस्तकात घावणार न्हाई हे."

म्हणून ज्या मुलीला माहेर नसेल तिचा नवरा त्यांच्या लेखी पहिल्या मानाचा. आणि गल्लीत अशी एकच होती, मीरा. तिची आई ती शाळेत असतानाच वारली, पुढं वडीलही गेले, आणि चुलत्यानं लग्न लावून दिल्यावर पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही. मीरा माझ्याच वर्गात होती. दुपारच्या सुट्टीत ती सासूबाईंच्या घरी पळायची आणि हाताला चटणीचा वास घेऊन परत यायची. लग्नात सासूबाई तिच्या मागं उभ्या राहिल्या. नवरा प्रकाश, साखर कारखान्यावर फिटर. अबोल, नीटनेटका मुलगा. सासू मात्र जिभेची तिखट. "हिच्या माहेराला कुलूप हाय," हे तिचं पालुपद. ते कुलूप दर तीन वर्षांनी सासूबाई उघडत. प्रकाश टॉवेल-टोपी घेऊन, अनारश्यांचा डबा मोटारसायकलला बांधून परत गेला की पुढची तीन वर्षं मीराच्या सासूचं तोंड त्या बाबतीत तरी बंद राही.

आता करोनाच्या वर्षाकडे येते. तुम्ही लहान होता. त्या वर्षी पावसाळा संपता संपता अधिक महिना आला, आणि नेमकी तेव्हाच साथ आमच्या जिल्ह्यात भरात होती. देवळं बंद होती. गोदाकाठच्या पुरुषोत्तमाच्या देवळात एरवी या महिन्यात मुंगीला वाट मिळत नाही, तिथंही शुकशुकाट होता. जत्रा नको, सप्ताह नको, पंगती नकोत, असं रोज भोंग्यावरून सांगत होते. लोकांनी ते बऱ्यापैकी ऐकलंही. आमच्या गावानं सप्ताह रद्द केला, याआधी तसं कधी झालं नव्हतं. पण स्वयंपाकघरातल्या एका पाटाबद्दल भोंगा काहीच बोलत नव्हता.

मी सासूबाईंना सांगायला गेले. त्या तांदूळ वाळत घालत होत्या, अनारश्यांचे.

"आक्का, या वेळी धोंडा राहू द्या. सगळीकडे माणसं मरताहेत."

"म्या कुठं गर्दी करते? सरकारनं गर्दी करू नका म्हणलंय. दरसाली एकाच दिवशी समदे बसत होते, तवा गर्दी व्हायची. औंदा एका दिवसाला एकच जावई. येकट्या माणसाची कसली गर्दी?"

"तो पुण्याहून येणार, संभाजीनगरहून येणार."

"येऊ दे की. साबणानं हात धुवायला लावीन. पाय तर म्याच धुते. कावून, पुण्याच्या माणसानं जेवायचं न्हाई का?"

मी म्हटलं, डबा पाठवा. अनारसे, टॉवेल, सगळं पाठवू, मी गाडीची सोय करते. त्यांनी तांदळावरून हात फिरवणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "डबा कामावरच्या माणसाला जातो. जावयाला बोलवावं लागतं. आन मीराची सासू काय म्हणंल? माहेर उघडलं बी न्हाई, वरून डबा फेकला. तीन वर्सं पोरीनं ते ऐकायचं? तू ऐकशील का तिच्या जागी बसून?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते रोगाचं होतं, आणि त्यांचा प्रश्न मीराचा होता.

तुमच्या बाबांचा धोंडा त्यांनी सगळ्यांत आधी केला, आणि रेवाला आठवतो तो हाच. मी फोन धरला होता. तिकडे तुमचे बाबा जमिनीवर मांडी घालून बसले, रेवा त्यांच्या मांडीवर. इकडे सासूबाईंनी तुपात बुडवलेला धोंडा थेट फोनच्या काचेला लावला. "उघडा जावईबापू." बाबांनी तोंड उघडलं, खोटाखोटा घास चावला. मग सासूबाईंनी अर्धा धोंडा खाल्ला, थोडा वेळ थांबल्या आणि उरलेला अर्धाही खाल्ला. "त्यांच्या वाटचा हाय, टाकायचा कसा?" काचेवरचं तूप पुसायला मला दोन रुमाल लागले. मी ती संधी साधून पुन्हा म्हटलं, "आक्का, बघा, असंच सगळ्यांचं करू." त्या हसल्या. "तुझा जावई सात समुद्रापार हाय. तुझ्या लेकीला तिथं टोमणे माराय कोण बसलंय?"

आणि मग रोज एक जावई येऊ लागला. मी माझ्या ओट्यावरून बघायची. तो आधी आपल्या सासुरवाडीत उतरायचा आणि मग पहिल्या घासासाठी निळ्या दारात यायचा. सासूबाई त्याला बाहेर उभं करून साबण देत, पायावर पाणी घालत, घाम निवेपर्यंत बसवून ठेवत. आत गेल्यावर त्याची टोपी आणि मास्क शेजारी शेजारी खुंटीला टांगत. त्यांच्या स्वतःच्या नाकावर पदर असायचा, तो घास भरवताना खाली यायचा. मी दारातून ओरडले तर म्हणत, "देवाला निवद दावताना तोंड बांधून दावतात व्हय गं?" भोंग्यानं सांगितलेलं सगळं त्यांनी पाळलं होतं. गर्दी एकाही दिवशी होऊ दिली नाही. पण अर्धा धोंडा त्याचा आणि अर्धा त्यांचा, हे रोज चालू होतं. एकमेकांना कधी न भेटलेले ते सगळे जावई त्या एका हातातून एकमेकांना भेटत होते.

दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक जावई आला. जरा खोकत होता. प्रवासाची धूळ लागली, म्हणाला. कुणाला त्यात काही वाटलं नाही, कारण त्या महिन्यात आमची सगळी गल्लीच खोकत असते. घरोघर कढया चढलेल्या, तेलाचा धूर, फोडणीचा ठसका. पुढच्या काही दिवसांत सासूबाईही खोकू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तळण हाय गं. दर धोंड्याला हुतं." आणि ते खरंच होतं, दर धोंड्याला व्हायचं.

प्रकाशला कारखान्यातून रजा मिळेना, म्हणून त्याचा दिवस पुढं पुढं गेला. शेवटी एका दुपारी मोटारसायकल आली. मागं मीरा, दोघांच्या मध्ये त्यांची लहानगी गौरी. मीरा हिरवं लुगडं नेसली होती आणि उतरल्या उतरल्या तिनं माझ्याकडे बघून हात हलवला. मी दुरूनच हलवला. मग आत येऊन माझ्या स्वयंपाकाला लागले.

थोड्या वेळानं करपल्याचा वास आला. अनारसा जळतो तेव्हा गुळाचा कडू वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मी आधी माझी चूल पाहिली. नंतर खिडकीशी गेले. समोर निळ्या दारातून काळा धूर येत होता, आणि आत सासूबाई कढईशेजारीच बसल्या होत्या, पाठ कढईकडे, तोंड पाटाकडे. कढईत अनारसे कोळसा होत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. ज्या बाईला माझ्या घरातलं दूध लागलेलं तिच्या घरात कळायचं, तिला.

मी वृत्तपत्रात वाचलेलं होतं. वास जातो. मी पायात चप्पल न घालता रस्ता ओलांडला.

"आक्का, थांबा. तुम्हाला वास येतोय का?"

"कसला वास?" त्या म्हणाल्या आणि वळल्या. त्यांच्या हातात अर्धा धोंडा होता. प्रकाशचं तोंड भरलेलं होतं. तो माझ्याकडे बघून जावयासारखा संकोचून हसला आणि घास गिळला.

त्यानंतरचे दिवस मी तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगण्याची ताकद माझ्यात नाही. उरलेल्या जावयांना मी फोन करून थांबवलं. सासूबाईंना तपासलं, त्यांना गेवराईला एका वसतिगृहाच्या इमारतीत ठेवलं. पुण्याच्या जावयापासून पुढं ज्या क्रमानं जावई जेवले होते, त्याच क्रमानं गल्लीतली घरं तापानं पडू लागली. कुणाचा सासरा, कुणाची आजी. सलीम जेवून बाबूभाईंच्या घरी उतरला होता. त्याला नुसती कणकण आली, पण बाबूभाई गेले. त्यांच्या मशीनवर माझ्या ब्लाउजचं कापड तसंच दाबलेलं होतं.

प्रकाशला पाचव्या-सहाव्या दिवशी ताप भरला. पोरगा तरणा, हाडापेरानं मजबूत. आम्ही म्हणत होतो, निघून जाईल. मग एका दुपारी मीराचा फोन आला, "बाई, ह्यांना दम लागतोय, बोलता येईना." मीरा मला शाळेतल्यासारखं अजून बाईच म्हणते. त्या दिवशी मी माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले. ज्यांना कधी वर्गाबाहेर उभं केलं होतं त्यांनाही. कुणी डॉक्टर झालेला, कुणी तहसील कचेरीत, कुणी रुग्णवाहिका चालवणारा. "एक खाट बघ रे. ऑक्सिजनची बघ. माझ्यासाठी बघ." मुलं धावली. संध्याकाळी बीडला खाट मिळाली. मीराला आत सोडेनात. ती फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिली, गौरीला माझ्याकडे ठेवून. रोज मला फोन करून एवढंच विचारायची, "बाई, आत कुणी ओळखीचं हाय का? नुस्तं त्यांना सांगा मी भाईर बसलेय."

आणि दुसरा फोन गेवराईहून यायचा. सासूबाईंचा. त्यांचा ताप उतरत होता. त्या कधीच स्वतःचं काही बोलल्या नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असे, "प्रकाशराव जेवले का?" मी सांगायची, आज पेज घेतली. आज नळीतून दिलं. आज नाही घेतलं काही. एका सकाळी त्यांनी विचारलं तेव्हा मीराचा फोन मला येऊन गेलेला होता.

"जेवले का?"

"नाही आक्का," मी म्हटलं. "आता ते नाही जेवणार."

त्यांनी फोन बंद केला नाही. पलीकडून त्या इमारतीतले दुसरे लोक खोकलेले मला बराच वेळ ऐकू येत होते.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. यासारखी क्रूर गोष्ट मी पाहिली नाही. आल्या त्या निळं दार लावून बसल्या. डॉक्टर मला म्हणाले होते, कारखान्यातही रुग्ण होते, त्याला कुठून लागण झाली हे कुणीच सांगू शकत नाही. हे मी दाराबाहेर उभी राहून त्यांना किती वेळा सांगितलं. एकदाच उत्तर आलं. "मास्तरीणबाई, हात माझा व्हता." गल्लीनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक त्यांच्या दारावरून जाताना फक्त पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले.

तेरावा झाला आणि मीराच्या सासूनं तिला घराबाहेर काढलं. "माज्या ल्योकाला तुज्या माहेरानं खाल्लं. जा तुज्या माहेरी." मीरा आली ती एका पिशवीसह, गौरीचं बोट धरून. माझ्या दारात तिला मी आत ओढत होते, पण ती आली नाही. ती समोर गेली आणि निळ्या दाराच्या ओट्यावर बसली. मी बघत उभी राहिले. मला वाटलं, आता ही काय बोलणार? हिच्या मनात जे असेल ते बोलायचा हिला हक्क आहे. आणि आत ती म्हातारी ते ऐकून उद्याचा दिवस बघणार नाही.

दार उघडलं नाही. आतून आवाज आला, "जा बाई. हितं काय ठिवलंय? तुझं खाऊन बसलेय म्या."

मीरानं डोकं दाराला टेकलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "सासूबाई, मला भूक लागलीय. कालपासून जेवले न्हाई."

मग आत डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. पीठ चाळल्याचा. भाकरी थापल्याचा. दार उघडलं, तेव्हा सासूबाईंनी ताट उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवलं, पायानं नाही, पण उलथन्याच्या दांडीनं पुढं सारलं, आणि त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. हात पाठीमागं धरलेले. मीरा आणि गौरी जेवत होत्या तोपर्यंत त्यांनी ते हात पुढं आणले नाहीत.

मीरा तिथंच राहिली. हे तुम्हाला सुखाचं वाटेल, पण ते घर सुखाचं नव्हतं. सासूबाई रांधायच्या, पण कुणाच्या पानात हातानं काही वाढत नसत. पळीनं, चमच्यानं, ताट सरकवून. साथ संपली, मास्क गेले, गावात पुन्हा लग्नं धडाक्यानं लागू लागली, सप्ताह बसला. त्यांच्यासाठी काहीच संपलं नाही. गौरी हट्ट करायची, "आजी, भरव ना." त्या उठून बाहेर जात. पुढचा अधिक महिना आला तेव्हा त्यांनी महिनाभर चुलीवर कढई चढवली नाही. सलीमनं फोन केला होता; त्यांनी तो वाजू दिला.

गेल्या थंडीत त्या अंथरुणाला खिळल्या. रोग म्हणावा असा काही नव्हता, वय होतं. शेवटी शेवटी अन्न बंद झालं. मी तिथं बसले होते. मीरानं गूळ घातलेल्या शिऱ्याचा लहानसा घास केला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला त्यांच्या ओठाजवळ नेला. "अर्धा माझा, अर्धा तुमचा. उघडा तोंड." मला वाटलं, आता तरी. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण तोंड त्यांनी घट्ट मिटलं आणि भिंतीकडे वळवलं. मीरानं त्यांना जवळ केलं नाही, क्षमा केली नाही, असं कुणी म्हणू नये. तिनं सगळं केलं. त्यांनीच घेतलं नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या. तुमच्या आईनं ही बातमी तुम्हाला सांगितली नव्हती. आता कळली.

मी पुष्कळ विचार केला आहे, आणि तुम्ही मोठे होऊन विचाराल म्हणून लिहून ठेवते. त्या अडाणी नव्हत्या आणि हट्टीही नव्हत्या. एका पोरीचं ताट रिकामं राहू नये एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी जी वाट त्यांना माहीत होती, त्याच वाटेनं ते मरण आलं. यात कुणाला काय शिकता येईल हे मला अजून सांगता येत नाही.

या अधिक महिन्यात मीरानं कढई पुन्हा चुलीवर चढवली आहे. ती आता अंगणवाडीत मदतनीस आहे, स्वतःचं कमावते. गल्लीत माहेर नसलेली अजून एक मुलगी आहे, तिच्या नवऱ्याला मीरानं बोलावलं. मी खिडकीतून पाहिलं. त्यानं हात धुतले, पाटावर बसला, आणि धोंडा स्वतःच्या हातानं उचलून खाल्ला. मीरा चार पावलं दूर उभी होती. मग म्हणाली, "जावईबापू, तूप घ्या, लाजू नका." शब्द सासूबाईंचे, आवाज मात्र तिचाच होता.

सासूबाईंचं काय राहिलं म्हणून रेवानं विचारलं, तर एवढं राहिलं आहे: निळं दार, एक पाट, एक कढई. आणि मीरा. ती त्या घरात राहते, आणि दोन्ही वेळा जेवते.

तुमची,
आजी